एक गुणी खरखर

चुका काढणे हा माझा धंदा आहे. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो, आणि शिकवण्याइतकाच वेळ उत्तरपत्रिकांतल्या वेलांट्या सरळ करण्यात घालवतो. लाल शाईचे पेन माझ्या खिशाला इतके चिकटले आहे की, लग्नपत्रिका हाती आली तरी मी आधी ‘आशीर्वाद’मधला रफार तपासतो आणि मग मुहूर्त पाहतो. अशा माणसाने एक खरखर निर्माण करण्यासाठी दोन महिन्यांचे रविवार खर्ची घालावेत, याचे माझ्या सहाध्यापकांना फार हसू आले. आपणही खुशाल हसा.

याला कारण आमचे चिरंजीव. वय वर्षे सोळा. दोन वर्षांपूर्वी मामाच्या कृपेने त्यांच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली. एके रात्री जेवताना ते म्हणाले, “बाबा, मला एक फझ पेडल हवंय.” चार दिवसांत माझ्याशी बोललेले त्यांचे ते पहिले पूर्ण वाक्य! त्या आनंदात मी किंमत ऐकली आणि घास घशात अडकला. “विकत कशाला? आपण घरी करू,” मी बोलून गेलो. शाळेत असताना मी एक रेडिओ उघडला होता. तो पुन्हा मिटला नाही, हे मात्र सांगायचे मी टाळले.

फझ पेडल म्हणजे गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये बसणारी, पायाने दाबायची डबी. ती स्वच्छ सुराला खरखरीत करते. हा कसला शौक, असे मलाही वाटले. पण तिची जन्मकथा वाचली आणि मी चपापलो. 1961 साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे निघाले. नॅशव्हिलमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण होत असता, ग्रेडी मार्टिनच्या गिटारचा आवाज ज्या यंत्रातून जात होता त्यातला एक भाग बिघडला, आणि घसा फाटल्यासारखा सूर उमटला. तो त्यांनी पुसला नाही, तसाच राहू दिला. गाणे गाजले. मग इतरांनाही तोच आवाज हवासा झाला, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड मुद्दाम घडवणारी रचना केली, आणि 1962 साली गिब्सन कंपनीने ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढली. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ती खरखर जगभर नेली. म्हणजे एका चुकीचा कारखाना निघाला! मी त्या खोलीत असतो तर पहिली गोष्ट केली असती ती लाल शाईचे पेन काढण्याची.

आम्ही नकाशा निवडला तो 1966 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फझ फेस’ या पेडलचा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवायच्या दोन खुंट्या, बस्स. आरंभीच्या पेडलांतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उन्हाने बिथरत, म्हणून आम्ही सिलिकॉनचे घ्यायचे ठरवले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यादी घेऊन गेलो, तर दुकानदाराने विचारले, “काका, मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट का?” मुलगा शेजारीच उभा होता. तो हसला. दुकानदारासाठी का होईना, हसला.

आतली युक्ती मला एका उपमेने समजली. गिटारमधून येणारी विजेची लाट अगदी नाजूक असते. ट्रान्झिस्टर तिला वाढवतो. पण बॅटरी नऊ व्होल्टची, म्हणजे घराचे छत ठरलेले. लाटेला इतके वाढवायचे की तिचे डोके छताला आपटावे आणि माथा सपाट व्हावा. त्या चेपलेल्या लाटेतून मूळ सुराचे कितीतरी उपस्वर जागे होतात. तीच खरखर.

माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्याला भोके पाडली. बोटे भाजून घेत मी सगळे भाग जोडले, बॅटरी लावली, चिरंजीवांनी तार छेडली... आणि काही नाही. निव्वळ शांतता. मी तासभर नकाशाशी भांडलो. चिरंजीवांनी मुकाट्याने मल्टिमीटर लावला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरपाशी साडेचार व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते, तेथे जवळजवळ नऊ दिसत होते. मी त्याचे पाय उलटे बसवले होते. त्यांनी डाख तापवून तो काढला, फिरवून बसवला आणि इतकेच म्हणाले, “होतं असं, बाबा.”

ते तीन शब्द मला फार लागले. कारण मी असे कधी म्हटले नव्हते. आठवीत असताना याने मला कवितांची एक वही दाखवली होती. मी ती प्रेमानेच वाचली, पण हातात पेन होते. परत दिली तेव्हा पाने लालेलाल होती. शुद्धलेखन सुधारले की नाही कुणास ठाऊक; वही मात्र पुन्हा दिसली नाही.

पुढच्या खेपेस डबीतून एक बाई अगदी क्षीण आवाजात बातम्या सांगू लागल्या. उघड्या तारांनी कुठले तरी रेडिओकेंद्र पकडले होते. तारा आखूड केल्या, डब्याचे झाकण लावले, तेव्हा बाई गप्प झाल्या. मग चिरंजीवांनी एकच सूर लांबवला. जाड, केसाळ, छातीत घुमणारा. मी कानांवर हात नेणार, तोच स्वयंपाकघरातून सौ. ओट्याचा फडका हातात घेऊनच बाहेर आली.

“अहो, ही तर जवारी!”

तिने कोपऱ्यातला तंबोरा पुढे घेतला. घोडीवरचा दोरा तारेखालून काढला. तार टणकन कोरडी वाजली. दोरा हळूहळू जागेवर सरकवला, आणि सगळी खोली झंकारली. “या दोऱ्याला आम्ही जीव म्हणतो,” ती म्हणाली. तार घोडीला किंचित घासते, म्हणून तर तंबोरा बोलतो. वीस वर्षे हा तंबोरा माझ्या घरात आहे. त्याची खरखर मला संगीत वाटत होती, आणि मुलाची खरखर गोंगाट.

उलटा ट्रान्झिस्टर हीही चूक, आणि चेपलेली लाट हीही चूकच. पण पहिलीने आवाज मरतो आणि दुसरीने आवाजाला जीव येतो. पहिली दुरुस्त करावी, तीही बोभाटा न करता. दुसरीला हात लावू नये. उत्तरपत्रिकांतही या दोन जाती असतील काय, या विचाराने हल्ली माझी तपासणी फार मंद झाली आहे.

परवा चिरंजीवांनी स्वतः रचलेल्या गाण्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. “वाचा,” म्हणाले, आणि दारातच थांबले. दुसऱ्याच ओळीत ‘पाऊस’मधला ऊ ऱ्हस्व होता. मी कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हटले, “चाल ऐकव.”

पेन खिशातच होते. झाकण लावलेले.