प्रस्ताव

स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. ग्रामीण भागातल्या धर्मादाय रुग्णालयाच्या कपाटात तो बारा महिने असतो. जानेवारी उजाडला की त्याची ऊठबस वाढते, कारण मार्चअखेर जवळ येते आणि कंपन्यांना उरलेला सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मार्गी लावायचा असतो.

त्याचं मागणं साधं आहे. क्षयाची औषधं अर्ध्यावर सोडून गेलेली बाई वर्षभराने परत आली, तर तिचा जुना केसपेपर डॉक्टरांच्या समोर यावा. त्यासाठी नोंदी संगणकावर हव्यात. एवढं सांगायला त्याला एक परिच्छेद पुरतो. बाकीची पानं आपण कोण हे सिद्ध करण्यात जातात: प्राप्तिकराच्या बारा-ए, ऐंशी-जी नोंदण्या, तीन वर्षांचे ताळेबंद, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ चा क्रमांक.

दार बदललं की त्याची बोली बदलते. कंपनीकडे तो २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ घेऊन जातो. तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायचे, असं ते सांगतं. परदेशी देणगीसाठी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे. सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची प्रोत्साहन योजनाही त्याला माहीत आहे. तिथे पैसे मिळतात ते ठरावीक संख्येच्या पुढे केलेल्या डिजिटल नोंदींवर, म्हणजे काम उभं राहिल्यावर. पहिला कॉम्प्युटर घ्यायला ती योजना उपयोगाची नाही.

त्याची खरी परीक्षा ‘सद्यस्थिती’ या रकान्यात होते. महिन्याला किती जुने केसपेपर सापडत नाहीत? किती रुग्ण उपचार अर्धवट सोडतात? देणाऱ्याला आकडा हवा असतो आणि तो मागणं रास्तच आहे. पण ज्या नोंदी नाहीत म्हणून हा प्रस्ताव जन्माला आला, त्याच नोंदींतून तो आकडा यायचा असतो. इथे बरेच प्रस्ताव अंदाज ठोकतात. मला भावतो तो वेगळा: ज्याच्यासाठी खिडकीवरच्या सिस्टरने महिनाभर वहीत रेघा मारून न सापडलेले कागद मोजले. तो आकडा लहान असेल, पण त्याच्यामागे कुणीतरी उभं आहे. छापील अहवालातून उचललेल्या राज्यभराच्या टक्केवारीपेक्षा मी त्याच्यावर अधिक विश्वास ठेवीन.

सॉफ्टवेअर महाग असतं म्हणून तो पैसे मागतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी ‘बाह्मनी’ ही रुग्णनोंदींची प्रणाली उभी केली. ओपनएमआरएसवर बेतलेली, मुक्त स्रोत, परवान्याला एक रुपया लागत नाही. तरी सर्व्हर लागतो, वीज गेली तर इन्व्हर्टर लागतो, आणि सगळ्यात जास्त लागतो तो माणूस: रोज गर्दीत बसून नावं, गावं, निदानं बिनचूक भरणारा.

त्या माणसाचा पगार बजेटच्या तक्त्यात तळाशी असतो. कात्री लागते ती तिथेच. यंत्राचा फोटो काढता येतो, त्यावर देणगीदाराचं नाव लिहिता येतं. ऑपरेटरच्या पगाराचं तसं काही करता येत नाही. शिवाय सीएसआरच्या नियमांत बहुवार्षिक प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यापुढे काय, हे बहुतेक प्रस्ताव ‘संस्था स्वबळावर चालवील’ या एका वाक्यात उरकतात. हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं. त्या जागी केसपेपरमागे किती रुपये बाजूला टाकणार, देखभालीचा करार कोण भरणार, हे लिहिलं तर देणाऱ्यालाही समोरच्याची तयारी कळते.

कंपनीचा माणूस चांगल्या मनाने म्हणतो, ‘‘पगाराची ओळ तेवढी काढा, त्यात दोन कॉम्प्युटर वाढवून देतो.’’ ट्रस्टींनी तेव्हा एक कॉम्प्युटर कमी घ्यावा आणि ती ओळ ठेवायची विनंती करावी. कारणही लेखी द्यावं: केसपेपर शोधून देणार आहे तो ऑपरेटर.