रस्ता कोणी बदलावा?

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी आम्ही अकोला जिल्ह्यातील एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. एका रविवारी मिस्सानंतर गायकवृंदातील एक मुलगी आईसह आमच्या कार्यालयात आली. ती महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकत होती. आवाज गोड, वृत्ती आनंदी. पण त्या दिवशी ती मान खाली घालून बसली होती. बोलली ती आईच. एस.टी. स्टँडपासून महाविद्यालयापर्यंतच्या वाटेवर एक पानठेला होता. तेथे बसणारी चार पोरे रोज तिच्यावर शेरे मारीत, तिला पाहून गाणी म्हणत. त्यांतील एक आता स्टँडपर्यंत तिच्या मागे येऊ लागला होता.

आम्ही तिला काय सांगितले? "पोरी, दुसऱ्या रस्त्याने जात जा. मैत्रिणीला सोबत घे. त्यांच्याकडे लक्ष देऊ नको, आणि प्रार्थना कर." ती हळूच म्हणाली, "फादर, मी रस्ता बदलून पायला. तो बी बदलते." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आशीर्वाद देऊन आम्ही मायलेकींना निरोप दिला. दिवाळीनंतर तिचे शिक्षण थांबले. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. ते आम्हीच लावले आणि प्रवचनात तिच्या शालीनतेची स्तुतीही केली. त्या प्रवचनाची आठवण झाली की आज आम्हांस लाज वाटते.

आमचा सल्ला काही जगावेगळा नव्हता. सारा समाज मुलींना हेच सांगत आला आहे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला तिचा पाठलाग करणाऱ्याने पेट्रोल टाकून पेटवून दिले. १० फेब्रुवारीस नागपूरच्या रुग्णालयात तिची प्राणज्योत मालवली. दोन वर्षांनी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पण त्या घटनेनंतर काही दिवसांतच आपल्या अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना शपथ देण्यात आली. प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही आणि हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, अशी ती शपथ होती. शपथ देणाऱ्यांच्या मनात कळकळच असावी. परंतु त्या प्राध्यापिकेचा अपराध तो कोणता? ती आपल्या कामावर निघाली होती. पेट्रोल पुरुषाच्या हातात होते. शपथेसाठी हात मात्र मुलींना पुढे करावा लागला. मुलांना शपथ का नाही, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो रास्तच होता.

आपली भाषाही अशा वेळी अपराध्यालाच सांभाळून घेते. 'छेडछाड' हा शब्द पाहा. वीणेची तार छेडावी, मित्राने मित्राची छेड काढावी, त्याच पंगतीत आपण हे कृत्य बसवले. कायद्याने तरी त्याला खरे नाव दिले आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

पण तक्रार पोलीस ठाण्यात पोहोचण्याआधी घरात बोलली जावी लागते, आणि तेथेच ती अडते. शासनाने खेड्यापाड्यांतील मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास दिला. वाटेत त्रास होतो असे मुलीने सांगितले, की घरचे आधी तो पासच कपाटात ठेवून देतात. म्हणून ती सांगत नाही. तिला ठेल्यावरच्या पोरांहून आपलेच, म्हणजे आईबापांचे आणि आम्हां धर्मगुरूंचे, भय अधिक वाटते.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा मिस्सात वाचली जाते. स्वतःच्या बागेत स्नानास गेलेल्या सुसान्नेवर दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांची वाईट नजर पडते. ती बधत नाही, तेव्हा ते तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात. लोक त्यांच्या वयाचा व पदाचा मान राखून तिला मरणदंड ठोठावतात. मग तरुण दानिएल पुढे होतो. तो त्या दोघांना वेगळे करून विचारतो की तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले. दोघे दोन झाडे सांगतात आणि खोटे उघडे पडते. या कथेवर आम्ही कितीदा तरी प्रवचन केले, ते नेहमी सुसान्नेच्या शीलावर. दानिएलने प्रश्न कोणाला विचारले, इकडे आमचे लक्षच गेले नाही. बागेत एकटी का गेलीस, असे त्याने सुसान्नेला विचारले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे लेखन प्रामाणिक होणार नाही. ठेल्यावरच्या पोरांत आपल्या धर्मग्रामातलाही एक आहे, हे आईने त्या रविवारी दबक्या आवाजात सांगितले होते. लहानपणी तो आमच्याच वेदीवर सेवा करीत असे. त्याचे वडील धर्मग्राम परिषदेचे सभासद, भले गृहस्थ. त्यांना दुखवावे कसे, म्हणून आम्ही गप्प राहिलो. मुलीला सल्ला देणे सोपे होते. त्या मुलाला बोलावणे अवघड वाटले.

धैर्य दाखवणारे तरुणही आपल्यांतच झाले. २० ऑक्टोबर २०११ रोजी मुंबईत, अंधेरीच्या आंबोली भागात, मैत्रिणींच्या विनयभंगाला विरोध केला म्हणून कीनन सांतोस आणि रुबेन फर्नांडिस यांच्यावर चाकूहल्ला झाला. कीनन त्याच रात्री गेला, रुबेन अकरा दिवसांनी. भोवती माणसे असूनही मदतीस कोणी धावले नाही. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. प्रत्येकाने प्राण पणाला लावावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण एका मुलाला समोर बसवून जाब विचारायला आम्हांस काय लागत होते?

गेल्या वर्षी अमरावतीस एका सोहळ्यात ती भेटली. सोबत सातवीतली मुलगी होती. सायकलने शाळेत जाते, असे तिने कौतुकाने सांगितले. मग हसत, पण आमच्याकडे रोखून पाहत ती म्हणाली, "फादर, हिले रस्ता बदलाले नका सांगू."

आम्ही तसे सांगणार नाही. आता दृढीकरणाच्या वर्गात या विषयावर आम्ही आधी मुलांशी बोलतो. आपणही घरी एवढे करावे. मुलीला उशीर झाला तर कोठे होतीस, असे आपण विचारतोच. कधी मुलालाही विचारावे : आज कोठे उभा होतास, आणि तुझ्यासमोरून जाताना कोणाची मान खाली गेली काय?