शिक्क्याखालचा शिक्का

1906 साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उमटवला होता: एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. त्याखाली नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे अर्धवट शिल्लक राहिली. एका राजवटीच्या पराभवाचा हा पुरावा जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीचा आहे.

अशा नाण्याची प्रतिमा घेऊ पाहणारा संग्राहक आधी मेगापिक्सेल मोजतो. वास्तविक 24 मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही 1:1 मॅक्रो लेन्सने या नाण्याच्या रुंदीत हजारो पिक्सेल बसवतो. उणीव भासते ती सावलीची. स्कॅनरचा प्रकाश संग्राहकाला हवा तसा वळवता येत नाही, त्यामुळे खालचा झिजलेला चेहरा सपाट होऊन नाहीसा होतो. मोबाइल नाण्याच्या फार जवळ न्यावा लागतो आणि स्वतःचीच सावली पाडतो.

म्हणून पैसे आधी 90-100 मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सवर आणि भक्कम उभ्या स्टँडवर खर्चावेत. कॅमेरा जुना चालेल. दिवा एकच, तिरपा, शक्यतो वरच्या डाव्या बाजूने. खालून प्रकाश आला तर उठाव खोलगट भासतो. (नाणे रांगोळीने घासून उजळण्याचा मोह मात्र अक्षम्य.)

प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेषांची सावली पडत नाही. तेव्हा नाणे न हलवता, दिवा फिरवून दुसरे छायाचित्र घ्यावे. पहिल्यात हरवलेले नहपानाचे नाक कदाचित त्यात दिसेल.