चाकोरी आणि पांढरी रेघ

औरादच्या काळ्या रानातून हिंडलेल्या माणसाला 'चाकोरी' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. पावसाळा सरून चिखल वाळू लागला, की बैलगाडीच्या लोखंडी धावांनी कापलेल्या दोन समांतर खाचा दगडासारख्या घट्ट होतात आणि पुढच्या मृगापर्यंत येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांतूनच जाते. आम्हा साहित्याच्या लोकांनी हा शब्द उगाच बदनाम करून टाकला. चाकोरीतले जगणे म्हणजे निर्जीव जगणे, असे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु उदगीरच्या आडतीवर माल टाकून रात्री-अपरात्री परतणाऱ्या गाडीवानाला चाकोरीएवढा आधार दुसरा नव्हता. कासरा सैल सोडून तो गाडीत आडवा होई आणि बैलांची जोडी त्याला घराच्या दारात आणून उभी करी.

हे बैल आमच्याकडचे देवणी. पांढऱ्या अंगाचा व काळ्या तोंडाचा तो वानेरा, निखळ पांढरा तो बालंक्या आणि अंगावर काळे ठिपके-पट्टे असलेला तो शेवरा, असे त्यांचे तीन प्रकार जाणकार मानतात. अमरेश्वराच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तेव्हा दात आणि खूर पाहून झाल्यावर म्हातारे शेतकरी हटकून एक प्रश्न विचारीत, 'वाट धरतो का?' धन्याच्या हाताशिवाय वाट धरणारा बैल चार पैसे अधिक घेई. (निलंगा तालुक्यातले औराद शहाजानी ते वेगळे. मी सांगतो आहे ते बीदर जिल्ह्यातले औराद.)

या प्रश्नाची आठवण मला गेल्या दिवाळीत झाली. पुण्याहून भाचा आला तो नव्या मोटारीतून. ही मोटार आपली आपण वाट धरते, असे त्याने सांगितले आणि माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहून म्हणाला, "मामा, चला हैदराबादला. प्रत्यक्षच बघा." मीही निघालो. औरादहून संतपूर, कौठा, मांजरेचा पूल, जनवाडा, मग बीदर. पुढे राज्याची सीमा ओलांडून जहीराबाद आणि तिथून पुणे-हैदराबाद महामार्ग, असा हा रस्ता आहे. माझ्या ओळखीचा, तथापि त्या दिवशी मी तो प्रथमच एका यंत्राच्या डोळ्यांनी पाहिला.

यंत्राचा डोळा म्हणजे समोरच्या काचेला, आरशाच्या मागे चिकटवलेला एक छोटा कॅमेरा. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघा तो वाचतो. डांबराचा काळा आणि रंगाचा पांढरा यांतला फरक हीच त्याची अक्षरओळख. दोन्ही बाजूंच्या रेघा सापडल्या, की त्यांचे वळण मोजून तो मध्य ठरवतो आणि स्टिअरिंगला जोडलेली विजेची मोटर चाक हलकेच त्या दिशेला वळवते. मोटारीच्या नाकात रडार असते. ते पुढच्या वाहनाचे अंतर मोजून वेग कमी-जास्त करते. या साहाय्याच्या पायऱ्या आहेत. पहिलीत रेघ ओलांडली की केवळ इशारा मिळतो. दुसरीत रेघेजवळ जाताच गाडी आत ढकलली जाते. तिसरीत ती सतत मध्यभागी धरून ठेवली जाते. भारतात सर्वसाधारण बाजारपेठेतल्या मोटारींत ही व्यवस्था 2021 च्या सुमारास येऊ लागली. तिला 'स्वयंचलित गाडी' म्हणणे चूक आहे. चालकाचे हात चाकावर आणि लक्ष रस्त्यावर असलेच पाहिजे. हात काढले तर गाडी थोड्याच वेळात बजावते. बजावते ती अर्थात इंग्रजीत. आमच्याकडचा साधा ड्रायव्हर मराठी, कन्नड, दखनी आणि गरजेपुरती तेलुगू बोलतो. एवढ्या भाषा येणाऱ्या माणसाला न येणारी नेमकी एकच भाषा तिने निवडावी, याची मला गंमत वाटली.

औराद ते संतपूर या टप्प्यात समोरच्या पडद्यावरील रेघांचे चित्र बहुतेक वेळ विझलेलेच होते. काही ठिकाणी रेघ झिजून गेलेली, काही ठिकाणी कडेची माती डांबरावर आलेली. त्यात सोयाबीनची सुगी. शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातले होते, भोवती राखणीला दगड मांडले होते आणि जी काही रेघ शिल्लक असेल ती त्याखाली झाकून गेली होती. मधेच शंभर-दोनशे पावले चित्र उजळे, चाक किंचित जिवंत झाल्यासारखे वाटे, आणि पुन्हा विझे. भाचा म्हणाला, "इथं हिचा उपयोग नाही." त्याने ते बटण बंद केले ते जहीराबाद येईपर्यंत.

महामार्गाला लागल्यावर मात्र नवल पाहिले. दुभाजक, ठसठशीत रेघा, लांबच लांब वळणे. गाडीने मध्य असा धरला, की कसलेला पखवाजी ठेका धरतो तसा. सदाशिवपेठ मागे पडले, संगारेड्डी मागे पडले. भाच्याच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला शेजारून दिसत होता. पुण्याहून सोलापूर-उमरगामार्गे एवढे अंतर येऊनही तो औरादला उतरल्यावर थकलेला नव्हता, याचे कारण मला कळले. यंत्राची थट्टा करण्याची आपल्याकडे एक खोड आहे. ती मी करणार नाही. माणसाचे मन दर क्षणी जे शेकडो बारीक हिशेब करते, त्यांतले निम्मे दुसऱ्या कोणी केले, तर उरलेल्यांसाठी मन ताजे राहते. ही फार मोठी सोय आहे.

ती सोय कोणाला मिळते, हा प्रश्न मला पुढे जानेवारीत पडला. हैदराबादला डोळे दाखवायचे होते आणि सकाळी लवकर पोहोचणे भाग होते. माझा एक माजी विद्यार्थी आठवड्यातून तीन-चार रात्री टोमॅटो घेऊन बोवेनपल्लीच्या भाजीबाजारात जातो. त्याच्या पिकपमधून मी निघालो.

पिकप हे आमच्या तालुक्याचे खरे वाहन. सकाळी भाजी, दुपारी खत, संध्याकाळी कडबा, लग्नसराईत वाजंत्री आणि अडल्या वेळी बाळंतीण, सारे त्यातूनच जाते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुना बीदर जिल्हा विभागला गेला, उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे आणि औराद, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे झाले. पण आडत, सोयरीक आणि दवाखाना यांची वाट काही विभागली गेली नाही. ती वाट पूर्वी बैलगाडीने राखली, आज पिकप राखतो. अमेरिकेत पिकप हे घरोघरचे आवडते वाहन. तिथल्या फोर्ड एफ-150 या पिकपमध्ये 2021 पासून, आधी नकाशे करून ठेवलेल्या दुभाजकी महामार्गांवर, चाकावरचे हातही काढता येतील अशी व्यवस्था मिळू लागली. चालकाचे डोळे रस्त्यावर आहेत की नाहीत, हे पाहायला आत वेगळा कॅमेरा असतो. आमच्या पिकपमध्ये त्या जागी नववीतला मुलगा बसलेला होता.

हा मुलगा माझ्या शाळेतला. मला पाहून तो संकोचून उभा राहू लागला आणि त्याचे डोके टपाला आपटले. बाप गाडी चालवत होता, मी दाराशी आणि तो आमच्या दोघांच्या मधे. औराद सुटले तसे त्याचे काम सुरू झाले. तो बोलत होता: गावात कोणाची म्हैस व्याली, कालच्या सामन्यात काय झाले, आठवीच्या पुस्तकात कोणता धडा होता. बाप हुंकार देई. हुंकार उशिरा आला, की मुलगा वर बसवलेल्या छोट्या आरशात बापाच्या पापण्या पाही. "पप्पा, ब्रेकर," असे तो दर गतिरोधकाआधी म्हणे. रंग नसलेला प्रत्येक गतिरोधक त्याला पाठ होता. मांजरेच्या पुलाजवळ धुके होते. तिथे तो पुढे वाकून डांबराची कड पाहू लागला आणि गाडी किंचित डावीकडे सरकली तशी त्याने बापाच्या गुडघ्यावर टिचकी मारली. इशारा देणे, आत ढकलणे, मध्यभागी धरणे. दिवाळीत मोटारीत पाहिलेल्या तिन्ही पायऱ्या मी त्या रात्री पुन्हा पाहिल्या. हा मुलगा दुसऱ्या तासाला बाकावर डोके टेकतो, याचे कारण वर्गशिक्षकांच्या नोंदीत 'आळस' असे लिहिले आहे.

जहीराबादच्या अलीकडे उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यावर उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. एक फांदी तेवढी खोवलेली. मुलाने ती आधी पाहिली. अशी उभी वाहने ही यंत्राचीही दुखरी जागा आहे. अमेरिकेत 2024 साली रात्रीच्या वेळी झालेल्या दोन प्राणघातक अपघातांनंतर तिथल्या वाहतूक-सुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली. दोन्ही वेळी अशी साहाय्य-व्यवस्था चालू असलेल्या मोटारी रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनांवर आदळल्या होत्या. तेव्हा डोळे मिटून यंत्रावर विसंबावे असे कोणी सुचवू नये. पण मुलावर विसंबावे, असे तरी कोणत्या तोंडाने सुचवावे?

चहाला थांबलो तेव्हा बापाने विचारले, "गुरुजी, तुमच्या भाच्याच्या गाडीतलं ते आपल्या पिकपला बसवाय येतं का हो? कर्ज काढून बसवतो." मी त्याला खरे ते सांगितले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये एक मसुदा काढला. रेघ सोडल्याचा इशारा, चालकाच्या झोपेचा इशारा आणि आपोआप लागणारा ब्रेक या तीन गोष्टी नव्या वाहनांत बंधनकारक करण्याचा त्यात प्रस्ताव होता. पण तो बस आणि साडेतीन टनांहून जड मालवाहू गाड्यांसाठी. पिकप त्या वजनाच्या आत बसतो. कामाच्या तासांचेही तसेच. 2025 पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा. दिवसाला आठ तासांहून अधिक गाडी चालवायला लावू नये, असे तो मालकाला सांगे. तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. इथे मालक तोच, चालक तोच आणि टोमॅटोही त्याचाच. तो हसून म्हणाला, "म्हंजे मी मलाच तक्रार द्यायची." कायदा अशा रीतीने त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जातो.

पांढरी रेघ मात्र सर्वांची होऊ शकते. रस्त्यावरील खुणा कशा असाव्यात याची इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता 1970 पासून आहे आणि 2015 मध्ये ती नव्याने सुधारून निघाली. उष्णतेने वितळवून घालायच्या जाड रंगात काचेचे बारीक मणी मिसळतात. गाडीचा उजेड त्यांवर पडला, की तो चालकाच्या डोळ्यांकडेच परततो. कॅमेऱ्याला जी रेघ लागते, तीच पेंगुळलेल्या माणसालाही लागते. भाच्याच्या मोटारीला औरादपासून बीदरपर्यंत रेघ सापडली नाही, ही त्याच्या दृष्टीने दिवसभराची गैरसोय होती. तोच रस्ता पिकपवाला रात्री, धुक्यात, दोन टन माल मागे घेऊन काटतो. आमच्या आतल्या गावरस्त्यांची गोष्ट वेगळी. पावणेचार मीटरच्या एकपदरी रस्त्यावर मध्य कसला आणि रेघ कसली! तिथे समोरून कोणी आले, की एकाने मातीत उतरायचे, एवढाच नियम. पण दुपदरी रस्त्यावर रेघ नसण्याला खर्चाचे कारण मला पटत नाही. आमच्या भागातल्या सभांतून रस्तारुंदीकरणाची मागणी नेहमी होते. रेघेची मागणी झालेली मी ऐकली नाही.

हैदराबादहून परतल्यावर मी बापाला शाळेत बोलावले. मुलाची पुढच्या वर्षी एस.एस.एल.सी. आहे, हे त्यालाही ठाऊक होते. त्याने युक्तिवाद केला नाही. क्लीनर ठेवायचा तर रात्रीची मजुरी द्यावी लागते आणि बाजार पडलेला असला, तर तेवढी रक्कम मालातून सुटत नाही, हा त्याचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. तो बरोबर होता. शेवटी एक तोड निघाली. मुलगा आता आठवड्यातून एकदाच जातो. इतर रात्री बाप जहीराबादच्या अलीकडे पेट्रोलपंपावर गाडी लावून तासभर झोपतो. त्यासाठी त्याला औरादहून तासभर आधी निघावे लागते, त्यासाठी माल तासभर आधी भरावा लागतो, आणि त्यासाठी घरच्या बायकांना टोमॅटो तोडायला दुपारच्या ऐन उन्हात रानात उतरावे लागते.