कुठल्या वर्गात बसवायचं?

मंडळी, आज आधी एक गणित घालते. ७ + २ = ▢ + ६. चौकटीत काय येईल?

तिसरी-चौथीतलं पोर ३ म्हणेल असं तुम्हाला वाटेल. पण मी मराठी-इतिहासाची बाई असले तरी ऑफ तासांना गणिताच्या वर्गावर पुष्कळ उभी राहिले आहे, आणि माझा अनुभव असा की बरीच पोरं झटकन ९ लिहून मोकळी होतात. 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात, हा त्या चिन्हाचा खरा अर्थ पोचायला वेळ लागतो. तराजू काढून दाखवला की पोचतो.

हे गणित नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या एका अहवालातलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या एका समितीने तो तयार केला. तिथे गणिताचा जो सगळ्यात खालचा वर्ग आहे, त्यातल्या मुलांना हे गणित घातलं होतं. चारातल्या एकाला आलं नाही. ३७४५१८ ही संख्या जवळच्या शेकड्यापर्यंत आणा, म्हणजे ३७४५०० लिहा, हे तर दहातल्या सहाजणांना जमलं नाही. हायस्कूलच्या खालच्या पातळीचं गणित कच्चं असलेली मुलं २०२१ पूर्वी तिथे पहिल्या वर्षाला शंभरात एकसुद्धा नसायची. अलीकडे आठातलं साधारण एक मूल तसं निघू लागलं आहे.

ही बातमी आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर 'बघा अमेरिकेची दशा' अशा थाटात फिरली. मला त्यात गंमत वाटली नाही. आपल्याकडे 'असर'चा अहवाल निघतो तेव्हा पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, तेही आपण वाचतोच की. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधलं. ही मुलं सापडली कशी? तर पहिल्या वर्षाला आल्यावर त्यांची 'प्लेसमेंट टेस्ट' झाली म्हणून.

आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅम्पसमध्ये आलेली कंपनी आणि पॅकेजचा आकडा येतो. इथे तसं काही नाही. सीईटी, नीट या प्रवेश परीक्षा. त्या दारावर अडवतात. ही परीक्षा दारातून आत घेतल्यावर होते. तुमचा प्रवेश पक्का आहे, फक्त गणिताच्या कुठल्या वर्गात आणि इंग्रजी लेखनाच्या कुठल्या वर्गात बसवायचं तेवढं बघतो, असं सांगून ती घेतात. ऐकायला अगदी समजूतदार वाटतं. मलाही वाटायचं, माझ्या भाचीचं प्रकरण होईपर्यंत.

भाची बी.कॉम. झालेली. लग्नाआधी चार वर्षं एका पतपेढीत कामाला होती. रोजकीर्द, खतावणी, महिनाअखेरचा ताळमेळ, सगळं हाताने लिहिलेलं आणि पैशापर्यंत जुळलेलं. २००९ साली कॅलिफोर्नियात होती, मुलगी वर्षाची झाली होती, तेव्हा तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. अकाउंटिंगची दोन वर्षांची पदवी करायची आणि नोकरीला लागायचं असा बेत होता. नाव घालायला गेली त्याच दिवशी तिला एका खोलीत संगणकासमोर बसवलं. एक उत्तर दिलं की दुसरा प्रश्न. मागे जायची सोय नाही. चुकलं की पुढचा प्रश्न आणखी सोपा येणार. "मावशी, ती परीक्षा आहे हेच मला धड कळलं नव्हतं," ती नंतर फोनवर म्हणाली. "मला वाटलं फॉर्म भरण्यातलाच काहीतरी प्रकार आहे. मुलगी यांच्याकडे गाडीत रडत होती, मी भराभर बटणं दाबली." शाब्दिक उदाहरणांत निकेल आणि डाइम अशी नाणी आली. गणित सोपं होतं, पण निकेल म्हणजे किती सेंट हे तिला ठाऊक नव्हतं.

तासाभरात निकाल. जे गणित पदवीला मोजलं जातं, त्याच्या खाली तीन पायऱ्या. पहिली अपूर्णांक आणि दशांश, मग प्राथमिक बीजगणित, मग त्याच्या वरचं. प्रत्येकाला एक टर्म, प्रत्येकाची फी, आणि पदवीच्या हिशेबात क्रेडिट शून्य. पतपेढीचा ताळमेळ लावणाऱ्या बाईला अपूर्णांक शिकायला बसवलं.

ती बसली. पहिल्या टर्मला 'ए' मिळाला, मिळणारच. पुढच्या टर्मचा वर्ग संध्याकाळी होता, मुलीला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि घरात 'यातून पदवी कधी निघणार' अशी बोलणी सुरू झाली होती. तिने नाव घातलं नाही. नापास कुठेही झाली नाही हो. फक्त पुढच्या वेळी गेली नाही.

तेव्हा मला वाटलं, हे आपल्या नशिबाचे भोग. पण ती एकटी नव्हती. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. तिथल्या थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. गणिताच्या या खालच्या पायऱ्यांवर पाठवलेल्यांपैकी शंभरातले सुमारे ३३च शेवटच्या पायरीपर्यंत चढतात, आणि तीन किंवा अधिक पायऱ्या खाली पाठवलेल्यांत तर जेमतेम १७. त्यातली जी गोष्ट मी दोनदा वाचली ती अशी: नापास होऊन गळणाऱ्यांपेक्षा मधल्या फटीत गळणारे जास्त. म्हणजे पहिल्या वर्गात नावच न घालणारे किंवा एक पायरी पास होऊन पुढची न धरणारे.

असं का होतं ते फळ्यावर करून बघण्यासारखं आहे. कल्पनेतली शंभर मुलं घ्या. प्रत्येक पायरीवर ७० टक्के पास होतात असं धरू, आणि पास झालेल्यांतली ८० टक्के पुढच्या टर्मला नाव घालतात. दोन्ही आकडे वाईट नाहीत, कुठलाही मुख्याध्यापक खूश होईल. पहिलीतून ७० पास, त्यातले ५६ दुसरीत आले. दुसरीतून ३९ पास, ३१ तिसरीत. तिसरीतून २२ पास, त्यातले १८ खऱ्या पदवीच्या गणितापर्यंत पोचले आणि तिथे १२ पास झाले. शंभराचे बारा! कुठल्याच बाईंनी वाईट शिकवलं नाही, कुठलाही पेपर अवघड काढला नाही. जिना लांब होता एवढंच.

बरं, पाठवलं ते तरी बरोबर होतं का? त्याच केंद्रातल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये एका मोठ्या शहरातल्या कम्युनिटी कॉलेजांची माहिती तपासली. गणितात साधारण चौथा हिस्सा आणि इंग्रजीत तिसरा हिस्सा विद्यार्थी अगदी चुकीच्या वर्गात बसवले गेले होते, आणि त्यांत नको इतके वर बसवलेल्यांपेक्षा नको इतके खाली बसवलेले जास्त होते. त्यापेक्षा हायस्कूलच्या सगळ्या वर्षांचे गुण पाहिले असते तर अंदाज जास्त बरोबर आला असता. हे मला पटतं. तासाभराच्या चाचणीत त्या दिवशीचा ताप, रडणारं मूल आणि निकेल-डाइम सगळं मिसळतं. चार वर्षांच्या प्रगतिपुस्तकात मूल रोज शाळेत येतं का, वही पुरी करतं का, पडलं तर पुन्हा उठतं का, हे सगळं उतरलेलं असतं.

पुढे कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला. विद्यार्थी एका वर्षात पदवीचं गणित आणि इंग्रजी पुरं करील अशी शक्यता जास्तीत जास्त होईल, तिथे कॉलेजांनी त्याला बसवावं. त्यासाठी शाळेचे गुण बघावेत. २०१९ पासून कॉलेजांनी तो पूर्णपणे अमलात आणायचा होता. जिना बराचसा काढून टाकला आणि कच्च्या मुलांना त्याच टर्मला शेजारी जादा तास द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २०१३ मध्ये याच्याशी मिळताजुळता एक प्रयोग झाला होता. प्राथमिक बीजगणितात बसवायची म्हणून ठरलेली ९०७ मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली. नुसतं बीजगणित घेतलेल्यांत ३९ टक्के पास. बीजगणित आणि जादा तास, ४५ टक्के. आणि ज्यांना थेट पदवीच्या संख्याशास्त्रात बसवून जादा तास दिले, त्यांत ५६ टक्के! वरच्या वर्गात बसवल्यावर जास्त पास होतात हे आमच्या शिक्षक खोलीत सांगितलं असतं तर कोणी ऐकून घेतलं नसतं. (विषय बदलला हेही खरं. संख्याशास्त्राचा उपयोग दिसतो, क्ष आणि य यांचा दिसत नाही.)

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग काढून टाका ती चाचणी. मीही काही वर्षं तेच म्हणत होते. सॅन दिएगोचा अहवाल वाचून आता तसं सरसकट म्हणवत नाही. कारण त्या खालच्या वर्गातल्या चारातल्या एकाहून अधिक मुलांच्या प्रगतिपुस्तकावर गणितात सगळीकडे 'ए' होता. कोविडच्या वर्षांत शिकणं बुडालं पण गुण बुडाले नाहीत. सॅटसारखी बाहेरची परीक्षा त्या विद्यापीठाने २०२० मध्ये प्रवेशासाठी बंद करायचं ठरवलं होतं. मग प्रगतिपुस्तक खोटं बोलायला लागल्यावर खरं कोण सांगणार? ती तासाभराची चाचणीच. तिने सांगितलं नसतं तर तराजूचा अर्थ न कळलेलं मूल कॅल्क्युलसच्या वर्गात सहा आठवडे मान डोलावत बसलं असतं आणि मग आपण मठ्ठ आहोत असं मनाशी धरून घरी गेलं असतं.

तसं बसणं मी पाहिलंय. आमच्या वेळी प्री-डिग्रीला कुठली चाचणी नि कुठलं काय. खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेले आणि शहरातले कॉन्व्हेंटवाले एकाच हॉलमध्ये. सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला सर धडा वाचत, शहरातली मुलं हसली की विनोद झाला हे आम्हाला कळायचं, आणि मग आम्हीही हसायचो. आम्हाला कोणी खालच्या वर्गात बसवलं नाही हे खरं, पण आम्हाला काय येत नाही हे वर्षभर कोणी विचारलंही नाही. शेजारच्या बाकावरची माझी मैत्रीण वर्ष संपायच्या आत गावी परत गेली. तिची नोंद कुठल्या अहवालात नाही.

म्हणून मला चाचणीवर राग धरवत नाही. तिच्या निकालाला जे आयुष्य दिलं जातं, त्याच्यावर राग आहे. भाचीच्या तासाभराने तिची दीड वर्षं ठरवली. आणि याच्या उलट उदाहरण शोधायला अमेरिकेत जायला नको. मुंबईच्या वस्त्यांतून नव्वदीच्या दशकात सुरू झालेली 'प्रथम' संस्था काय करते बघा. मुलाला जवळ बसवून, कागद-पेन न देता, अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट असं वाचायला लावायचं. पाच मिनिटांत कळतं. तिसरी ते पाचवीची मुलं मग इयत्तेनुसार न बसवता, जे वाचता येतं त्यानुसार गट करून रोज थोडा वेळ बसवायची. काही आठवड्यांनी पुन्हा तोच कागद, पुन्हा नवे गट. अक्षरांच्या गटातलं पोर आठ-दहा आठवड्यांत परिच्छेदाच्या गटात गेलं की जुना गट विसरून जातं. दिवसाचे बाकीचे तास ते आपल्या पाचवीतच असतं, आपल्या मित्रांबरोबर. पाचवीचा शिक्का पुसलेला नसतो आणि अक्षरांचा शिक्का टिकलेला नसतो.

अठरा वर्षांच्या मुलांना हे चालेल का? माझ्या मते चालेल. चाचणी तोंडी घ्या, निदान पाच मिनिटं कोणी माणसाने समोर बसून बोला. निकेल अडला की गणित अडलं हे माणसाला तेव्हाच कळतं, यंत्राला नाही. ज्याला तराजू कळलेला नाही त्याला तो कळेपर्यंत आठवडे लागतील तेवढे द्या, टर्म देऊ नका. महिन्याने पुन्हा विचारा. यात खर्च आहे, माणसं लागतात, आणि संगणकासमोर शंभर जणांना एकदम बसवणं स्वस्त पडतं, हे मला कळतं. पण कुठलाही शिक्षणाधिकारी खर्चाचं कारण उघड सांगत नाही, सगळे 'विद्यार्थ्याच्या हितासाठी' म्हणतात, त्याची चीड येते.

असो. भाचीची ती गाडीत रडणारी मुलगी आता कॉलेजात जायच्या वयाची झाली आहे. प्रवेशानंतर तिलाही गणिताची चाचणी द्यायची आहे. अपूर्णांकांचा सराव सध्या आईच करून घेते, ताळेबंद घालायच्या पद्धतीने, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. परवा मुलगी मला म्हणाली, "आजी, आई टेस्टपेक्षा कडक आहे." मी विचारलं, जमतंय का? तर म्हणाली, "एट्थ आणि सिक्स्थ एकत्र आले की गोंधळ होतो." आम्ही मग फोनवर अर्धा तास लसावि काढत बसलो.