अडतिसावी रेघ

पहाटे गच्चीवर मी युल-गोक करायला उभा राहतो. डावा पाय बाजूला सरकवायचा, घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि डावी मूठ सावकाश पुढे न्यायची. अगदी सावकाश. मग उजवा ठोसा, लगेच डावा. तायक्वांदोत अशा ठरलेल्या हालचालींच्या साखळीला तूल म्हणतात. युल-गोकमध्ये त्या ३८ आहेत, कारण ज्या तत्त्ववेत्त्याचं हे नाव, त्याचं जन्मस्थान ३८व्या अक्षांशावर मानलं जातं.

हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा अंगावर काटा आला. १९४५ मध्ये कोरियाचे दोन तुकडे झाले ते याच रेघेवर. आणि ज्यांनी हे तूल जगाला दिले ते जनरल चोई होंग-ही त्या रेघेच्या वर, म्योंगचोन भागात, १९१८ मध्ये जन्मले होते.

देश तेव्हा जपानच्या ताब्यात होता. पोर अशक्त. वडिलांनी त्याला हान इल-दोंग या गुरुजींकडे सुलेखन शिकायला पाठवलं. गुरुजींना तेक्क्योन ही पायांनी खेळायची जुनी कला येत होती. पोराच्या अंगात जीव यावा म्हणून त्यांनी तीही शिकवली. एका हातात कुंचला, आणि पाय हवेत! मला हे चित्र फार आवडतं. पुढे जपानमध्ये शिकताना चोई कराटे शिकले. मग जपानी सैन्यात भरती, कटाचा आरोप, प्योंगयांगचा तुरुंग. कोठडीत ते एकटेच सराव करत.

तायक्वांदोला हजारो वर्षांची परंपरा चिकटवणारे पुष्कळ आहेत. मला ती ओढाताण वाटते. त्यात कराटेचं ऋण उघड आहे, आणि चोईंना एकट्यालाच जनक म्हणणं इतर कोरियन उस्तादांना कधी पटलं नाही, तेही रास्तच. पण नाव निवडलं ते त्यांनी. साल १९५५. कोरियन उच्चारात ‘ते-क्वोन-दो’: ‘ते’ म्हणजे पाय, ‘क्वोन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे वाट. अक्षरं गिरवण्यात बालपण गेलेल्या माणसालाच हे सुचावं.

दक्षिण कोरियाच्या सैन्यात ते जनरल झाले, मलेशियात राजदूत झाले. १९६६ मध्ये सोलमध्ये त्यांनी नऊ देशांना घेऊन आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. पण पार्क चुंग-ही यांच्या राजवटीशी त्यांचं जमेना. १९७२ मध्ये त्यांनी देश सोडला आणि कॅनडा गाठलं. १९८० मध्ये पथक घेऊन ते उत्तर कोरियात गेले, आणि दक्षिणेत त्यांच्यावर गद्दारीचा शिक्का बसला. मला त्या प्रवासात जन्मगावाची ओढ दिसते. उत्तरेतल्या राजवटीने त्यांचा उपयोग करून घेतला, हेही मी नाकारत नाही. ऑलिंपिकमध्ये जे तायक्वांदो खेळलं जातं ते दक्षिणेतल्या दुसऱ्या संघटनेचं. हे तूल तिथे नाहीत.

त्यांचे तूल चोवीस, दिवसाच्या तासांइतके. अनंत काळापुढे माणसाचं सगळं आयुष्य म्हणजे एक दिवस, असा त्यामागचा त्यांचा हिशेब होता. त्यांचा स्वतःचा दिवस १५ जून २००२ रोजी प्योंगयांगमध्ये मावळला. दफनही तिथेच झालं.

चोवीस तुलांतला शेवटचा तोंग-इल, म्हणजे एकीकरण. हालचाली ५६. जमिनीवर त्याची आखणी काढली, तर एकच सरळ रेघ उमटते.