गुलामचोर

आमचे आजोबा पत्त्यांत लबाडी करीत. ही गोष्ट मी आरंभींच सांगून टाकतों. कारण गेलेल्या माणसाविषयीं लिहितांना नसते सद्गुण त्याला चिकटविण्याचा मोह आपल्याकडे फार. त्यांची लबाडी मात्र स्वतःच्याच विरुद्ध असे. गुलामचोराच्या डावांत शेवटचा गुलाम त्यांच्याच हातीं राही. कोणी तो ओढूं लागला, तर त्यावर ते असें बोट दाबीत, कीं पत्ता निघतच नसे. मग ‘चोर सांपडला!’ असा एकच गिल्ला होई. चोराला शिक्षा काजळाच्या मिशांची. सकाळीं दूधवाला आला, कीं त्या मिशांनिशींच आजोबा दार उघडीत.

हा मनुष्य तीस वर्षें एका कचेरींत जमाखर्च लिहीत होता, हें आम्हां मुलांना खरें वाटत नसे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं. पण आजोबांचा रुपया अखेरपर्यंत सोळा आण्यांचाच राहिला, आणि चिंचोक्यांचा हिशेब ते पावकी-निमकीनें चोख करीत.

पूर्वीं त्यांचें बिऱ्हाड पुण्यास नारायण पेठेंत, नदीजवळ होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें जुनें धरण गेलें, आणि मुठेचें पाणी लकडी पुलावरून वाहूं लागलें. आजोबांचें मातीचें घर त्यांत बसलें. ही कथा ते अशी रंगवून सांगत, कीं आम्ही हसून लोळत असूं. ‘माझी बाजाची पेटी माझ्याआधीं संगमावर पोंचली,’ ते म्हणत, ‘न बोलावतां गेली, म्हणून कोणीं वाजविली नाहीं!’ हें सुरू झालें, कीं आजी उठून स्वयंपाकघरांत जाई.

पुढें पूरग्रस्तांसाठीं वसविलेल्या गोखलेनगरांत त्यांना जागा मिळाली. आमचे पावसाळे तेथले. रात्रीं जोराची सर आली, कीं आजोबा आम्हां भावंडांना हलवून उठवीत. ‘उठा रे, गुलाम पळाला!’ दिवे बहुधा गेलेलेच असत. कंदिलाभोंवतीं डाव पडे आणि पाऊस थांबेपर्यंत चाले. एरवीं नऊच्या ठोक्याला आम्हांला निजविणारी आजी मुकाट्यानें भाजलेल्या शेंगांची परडी पुढें ठेवी. याचें नवल तेव्हां वाटलें नाहीं.

१९८९ सालीं आजोबा गेले. पुढच्या आषाढांत एका रात्रीं मीं सहज त्या डावांची आठवण काढली. आजी म्हणाली, ‘अरे, पाऊस लागला कीं त्यांना झोंप कसली! एकसष्टपासून तसेंच. आधीं एकटेच दाराशीं बसून राहत. तुम्ही झालांत, मग पत्ते आले.’

प्रथम मला फसविल्यासारखें वाटलें. त्यांचें हसणें हा मुखवटा होता, असें एखादा चरित्रकार खुशाल लिहील. मला तें पटत नाहीं. भ्यालेला मनुष्य मिशा पुसावयास विसरत नाहीं. आणि गोखलेनगर टेंकडीच्या पायथ्याशीं, नदीपासून दूर. तेथें पूर यावयाचा नव्हता, हें हिशेबी आजोबांना का ठाऊक नव्हतें?

एका रात्रीं मात्र डाव अर्ध्यावर टाकून ते उठले, दार उघडून रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

‘कोण आहे, आजोबा?’ मीं विचारलें.

‘गुलाम रे,’ ते म्हणाले, आणि कडी लावून पत्ते पिसावयास बसले.